पंचावन्न नंबरची प्लेट

जुन्या बाजारात हवी ती रेकॉर्ड सापडली की चेहरा दगडाचा करायचा, हे जॅसिंथ पिनकला इतक्या वर्षांच्या सवयीनं झोपेतसुद्धा जमलं असतं. आनंद दिसला की विकणारा भाव वाढवतो, आणि शेजारी खोकी उपसणारा दुसरा शौकीन मान लांब करून डोकावतो. पण त्या रविवारी सकाळी, लंडनच्या कडेला, रोमफर्डच्या पलीकडे, जिथं लोक गाडीच्या डिक्कीतून घरातलं जुनं सामान विकतात त्या चिखलानं भरलेल्या शेतात, एका जुन्या गाडीच्या उघड्या डिक्कीसमोर ती गुडघ्यांवर बसली होती, तेव्हा तिचा चेहरा आपोआपच दगडाचा झाला. तिला भीती वाटली होती.

हाताला लागलेली रेकॉर्ड जड होती, गार होती, आणि वाकत नव्हती. आत पत्रा होता. म्हणजे ही बाजारातली रेकॉर्ड नव्हती, प्लेट होती. मधल्या लेबलवर काळी चिकटपट्टी मारलेली, आणि पट्टीवर पांढऱ्या मार्करनं मोठा आकडा लिहिलेला. पंचावन्न.

"ती घेणार असशील तर सगळं खोकंच ने बाई," डिक्कीची मालकीण म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप होता आणि बोलण्यात घटस्फोटाची ताजी धार होती. "त्याच्या रेकॉर्डींनी माझ्या गॅरेजात वीस वर्षं फुकट भाडेकरू म्हणून काढली. आता बस झालं."

जॅसिंथनं खोकं उचललं. मागितले तेवढे पैसे दिले. गाडीत बसल्यावर ती पाच-दहा मिनिटं नुसती प्लेट मांडीवर घेऊन बसून राहिली. आजवर शेकडो रेकॉर्डी तिनं अशाच डिक्क्यांमधून, चर्चच्या तळघरांमधून, मेलेल्या माणसांच्या कपाटांमधून खणून काढल्या होत्या. दर वेळी छातीत धडधड व्हायचीच. न ऐकलेलं गाणं हातात धरण्यात जे सुख आहे ते तिला नवऱ्यानंही दिलं नव्हतं, आणि हे तिनं नवऱ्याला तो असताना सांगितलंही होतं. पण आजची धडधड त्यातली नव्हती.

कारण या प्लेटवर तिच्या मोठ्या भावाचा जीव टांगला होता.

ग्लेनरॉयच्या घशात गाठ होती. किरणं देऊन झाली, गाठ गेली, परत आली. आता डॉक्टर म्हणत होते, आवाजाची पेटीच काढायची. परवाच्या मंगळवारची तारीख दिली होती. सोमवारी दुपारपर्यंत हो म्हणून कळवलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत गाठ थांबेल याची कुणी हमी देत नव्हतं. ग्लेनरॉय हो म्हणत नव्हता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. "मुक्या माणसाच्या शेजारी बसून कोण गाडी शिकेल?" तो म्हणायचा. "ब्रेक लाव हे मी काय चिठ्ठी लिहून सांगू?" नर्सनं समजावलं, नंतर झडप बसवता येते, बोलता येतं, वेगळा आवाज येतो पण येतो. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

गाडी शिकवणं हे लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण जॅसिंथला ठाऊक होतं. विशीत हा माणूस पूर्व लंडनच्या लेटन भागात माइकवर 'लेटनचा कंडक्टर' म्हणून गाजला होता.

त्यांचे वडील पंचावन्न नंबरच्या बसवर कंडक्टर होते. दिवसभर ओरडायचे, "घट्ट धरा!" आणि घंटी मारायचे. ग्लेनरॉयनं त्यांची चामड्याची तिकिटांची पिशवी गळ्यात अडकवली, हातात माइक घेतला आणि जंगल नावाच्या नव्या नाचाच्या संगीताच्या कार्यक्रमांत तेच ओरडायला लागला. वर ढोल सुसाट पळतायत, तुटतायत, पुन्हा जुळतायत, आणि खाली बास आपल्या संथ चालीनं चाललाय, पोटात शिरतोय. आणि या सगळ्याच्या मधून तो जाड, मधाळ, निवांत आवाज. "घट्ट धरा, लेटन! जागे आहात का? जागे असाल तर भिंत वाजवा!" मग सगळा हॉल भिंती बडवायचा. पुढे सगळेच माइकवाले घट्ट धरा म्हणायला लागले. मूळ आपलं, असं ग्लेनरॉयचं म्हणणं. शाळेत जाणारी जॅसिंथ स्पीकरच्या पायथ्याशी उभी राहून भिंत बडवायची, ती तेव्हापासून या संगीताची झाली ती झालीच. आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि शनिवारी दुपारी घरच्या अडगळीच्या खोलीतून इंटरनेट रेडिओवर जंगल वाजवायची. ऐकणारे मोजकेच, त्यातले निम्मे बहुधा डुलकी काढणारे. तिचं काही बिघडत नव्हतं.

त्या आवाजाचं मात्र काहीच उरलं नव्हतं. कॅसेटी होत्या, पण वडिलांनी त्यांच्यावर वेस्ट इंडिजच्या कसोटी सामन्यांचं समालोचन टेप करून ठेवलं. एकूणएक कॅसेटवर. उरली होती ती एक प्लेट. त्या वेळी बड्या डीजेंमध्ये चढाओढ असायची. गाणं बाजारात यायच्या आधी त्याची एकच प्रत कापून घ्यायची, वर आपल्या माइकवाल्याचा आवाज घालायचा, म्हणजे ते जगात फक्त आपल्याकडे. शेजारचा डीजे खांद्यावरून वाकून नाव वाचायचा, म्हणून लेबलवर पट्टी मारायची आणि भलतंच काहीतरी लिहायचं. ग्लेनरॉयच्या प्लेटवर त्यानं आणि त्याच्या डीजेनं वडिलांच्या बसचा नंबर लिहिला होता. मग तो डीजे ग्लासगोला गेला, प्लेट कुणाला तरी दिली, त्यानं आणखी कुणाला.

मागल्या महिन्यात दवाखान्याच्या व्हरांड्यात जॅसिंथ रडकुंडीला आली तेव्हा ग्लेनरॉय म्हणाला होता, "ती प्लेट शोधून आण. एकदा ऐकव. मग काय कापायचं ते कापू दे त्यांना."

सापडणार नाही याची खात्री होती म्हणूनच म्हणाला होता. जॅसिंथलाही ते कळलं होतं. तरी तिनं शब्द पकडला आणि लंडनभरचे जुने बाजार पालथे घातले.

आणि आता ती सापडली होती.

घरी आल्यावर तिनं प्लेट उजेडात धरली. सगळ्या अंगावर पांढरट, तेलकट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. दुपारी ग्लेनरॉय जेवायला यायचा होता. तिनं तिचं नेहमीचं पाणी काढलं, म्हणजे अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी, साबणाचा एक थेंब. याच पाण्यानं तिनं आपल्या सगळ्या रेकॉर्डी नव्यासारख्या केल्या होत्या. मऊ फडकं बुडवलं, गोल गोल फिरवलं. पांढरं गेलं. फडकं काळं झालं. दुसरं फडकं घेतलं, तेही काळं झालं. किती वर्षांचा मळ, तिला वाटलं, आणि तिनं आणखी जोर केला. तांब्या घासताना गृहिणीला वाटावं तसं समाधान तिला वाटलं.

मग सुई किती हलकी लावायची ते विचारायला तिनं रॅल्फला फोन केला. वॉल्थमस्टोमध्ये रॅल्फचं रेकॉर्डींचं दुकान होतं. गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते.

"रॅल्फ, एक प्लेट वाजवायची आहे."

"कसली प्लेट?"

"ती."

"माझी चेष्टा करतेस?"

"नाही रे. पंचावन्न. माझ्यासमोर आहे."

"अगं डार्लिंग! अगं माझे आई! कशी आहे? पांढरी पडलीय का? जुन्या प्लेटा पडतात."

"पडली होती. चकाचक केली मी."

"कशानं?" रॅल्फचा आवाज एकदम खाली आला.

"नेहमीच्या पाण्यानं."

"स्पिरिटच्या?"

जॅसिंथनं ओट्यावरचं फडकं उलटं करून पाहिलं.

"जॅस. फडकं काळं झालं का गं?"

"झालं. मळ होता ना..."

"मळ नव्हता तो," रॅल्फ म्हणाला. "प्लेट रेकॉर्डीसारखी नसते. पत्र्यावर नुसता मऊ थर असतो, नखाच्या पॉलिशसारखा. स्पिरिट लागलं की सुटतो. तू जे पुसून काढलंस ना, ते गाणं होतं."

जॅसिंथ खाली बसली. खुर्ची नव्हती तिथं. ती फरशीवरच बसली.

"मी ओरडणार नाही," रॅल्फ म्हणाला. "ओरडून काय होणार आहे?" आणि मग ओरडला, "इतकी वर्षं रेकॉर्डी धुतेस, आणि प्लेटीला स्पिरिट? कुणी सांगितलं नाही का तुला?"

कोण सांगणार? प्लेटा बड्या डीजेंच्या. ती स्पीकरच्या पायथ्याशी उभी राहणारी. उभ्या जन्मात तिच्या घरात प्लेट आली ती आज.

"ऐक," रॅल्फ जरा निवळून म्हणाला. "आता हात लावू नकोस. वाळू दे. एकदा वाजेल, वाजली तर. त्यात जे निघेल ते टेप करून घे. उलटी फिरवू नकोस. सुई मागं ओढलीस की उरलंसुरलं सोलून निघेल. कळलं?"

"ग्लेन येतोय जेवायला."

"मग सांगू नकोस त्याला," रॅल्फ म्हणाला, आणि लगेच, "नाही, सांग. मला काय विचारतेस? मला काही कळत नाही यातलं."

फोन ठेवल्यावर जॅसिंथला खरी भीती वाटायला लागली. आधीची भीती सापडेल की नाही याची होती, तिच्यात आशा होती. हिच्यात काही नव्हतं. प्लेट सापडलीच नाही म्हणावं, तर तो दवाखान्यात जाणार नाही. सापडली म्हणून ऐकवावी आणि नुसतीच खरखर आली, तर तो म्हणेल, बघ, माझा आवाज असाही गेला आणि तसाही गेला, आता कशाला कापायचं? कोणत्याही बाजूनं विचार केला तरी मंगळवारी पलंग रिकामाच राहत होता. आणि तो तिनं स्वतःच्या हातानं, फडकं घेऊन, गुणगुणत रिकामा केला होता. तिनं प्लेट अडगळीच्या खोलीत नेली, दार लावलं, दोन्ही काळी फडकी कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपली, आणि सूपचं भांडं ढवळत उभी राहिली.

ग्लेनरॉय वेळेवर आला. गळ्याला मफलर होता, कोट अंगावर सैल झाला होता. खाली त्याची गाडी उभी होती, छतावर शिकाऊ चालकांची लाल पाटी लावलेली. जॅसिंथनं त्याच्यापुढे वाडगा ठेवला.

"भोपळा," तो म्हणाला. आवाज म्हणजे करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. "माणूस मरायला टेकला की सगळे भोपळा घेऊन येतात. तिकडे शेजारीण भोपळा, चर्चच्या बायका भोपळा."

"चिकन गिळता येतं का तुला?"

"बघता तर येतं. बाजूला ठेव, बघत बघत सूप पितो."

ती हसली नाही. त्यानं चमचा तोंडाशी नेला आणि मध्येच थांबवला. नाक वर करून वास घेतला.

"जॅस. घरात प्लेटीचा वास येतोय."

"सूप गार होतंय."

"तीस वर्षं झाली तरी तो वास मी विसरेन होय? प्लेटा कापायच्या दुकानात आम्ही तासन्‌तास बसायचो." त्यानं चमचा खाली ठेवला. "सापडली?"

जॅसिंथनं काहीतरी ठरवलं होतं, ते काय ते त्या क्षणी तिला आठवेना. "सापडली," ती म्हणाली. "आणि मी ती धुतली, ग्लेन."

"धुतली म्हणजे?"

"स्पिरिटनं."

तो तिच्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडू शकत नव्हता, हेही त्या शांततेत तिला आठवलं, आणि तिला रडू फुटलं.

"फडकं काळं झालं, मला वाटलं मळ आहे, मी आणखी घासलं. मला माहीत नव्हतं रे. ग्लेन, मला माहीत नव्हतं. पण तू तरी मंगळवारी जा. प्लेटीचं जाऊ दे. मला तू हवा आहेस, मला तुझा आवाज नको."

"सगळ्यांना मी हवा आहे," तो म्हणाला. "आवाज कुणालाच नको." मग उठला. "चल. वाजव."

"रॅल्फ म्हणाला, एकदाच वाजेल."

"मग एकदा वाजव."

अडगळीच्या खोलीत दोघांना उभं राहायलाच जेमतेम जागा होती. तिन्ही भिंतींना छतापर्यंत रेकॉर्डी, चौथी भिंत मोकळी, तिच्या पलीकडे शेजारच्या मिसेस अडेयेमींचं घर. जॅसिंथनं टेप करायचं बटण दाबलं, खरंच दाबलं का ते दोनदा पाहिलं. सुई इतकी हलकी केली की खाली टेकते की नाही अशी शंका यावी. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सुई ठेवली.

खरखर. तव्यावर तेल तापल्यासारखी. तिच्या मागून ढोल आले, दूरवरून, जणू दुसऱ्या गल्लीत वाजतायत. पण आले. खरखरीतून बास वर आला, जमिनीतून पायांत चढला, आणि तिनं भावाकडे न बघता डोळे मिटले.

"घट्ट धरा, लेटन!"

तो होता. पुसट, घासलेला, पण तोच. जाड, मधाळ, वीस वर्षांचा, जगाची पर्वा नसलेला आवाज. "जागे आहात का? जागे असाल तर भिंत..."

आणि तिथं तो बुडाला. खरखरीनं गिळला. खाली ढोल पळत राहिले, बास चालत राहिला, पण माणूस गेला. जॅसिंथ वाट बघत राहिली. पुढे काहीच आलं नाही. याच जागी तिनं जोर केला होता, याच जागी दुसरं फडकं घेतलं होतं. ढोल तुटले, जुळले, पुन्हा तुटले, आणि तिला कळून चुकलं की आता ग्लेनरॉय कोट उचलेल आणि जाईल, आणि आपण त्याला अडवू शकणार नाही. तिची मागं वळून बघायची हिंमत होईना.

मागून धाडकन आवाज आला. ती दचकली. पुन्हा एक.

ग्लेनरॉय भिंत बडवत होता. तळहातानं, जोरानं, बासच्या चालीवर. तोंड मिटलेलं होतं, डोळे वाहत होते, आणि तो बडवत होता. इतकी वर्षं माइक हातात धरलेल्या माणसानं आयुष्यात कधी भिंत वाजवली नव्हती. त्यानं सांगायचं, इतरांनी वाजवायची. पहिल्यांदाच तो स्पीकरच्या या बाजूला उभा होता.

तेवढ्यात पलीकडून मिसेस अडेयेमींनीही भिंतीवर बुक्क्या मारल्या. चांगल्या तीन, संतापानं. "रविवार आहे आज!" त्यांचा दबका आवाज आला. "देवाच्या दिवशी तरी!"

ग्लेनरॉय थांबला. मग त्याचा चेहरा असा उजळला की जॅसिंथला तो क्षणभर तिकिटांची पिशवी गळ्यात घातलेला दिसला.

"ऐकलंस?" तो कुजबुजला. "लेटन जागं आहे."

आणि त्यानं पुन्हा भिंत बडवली, यावेळी सलग, थांबायचं नाव न घेता. याचा अर्थ जॅसिंथला सांगावा लागत नव्हता. हॉलमध्ये सगळे मिळून असं बडवायला लागले की डीजेनं गाणं तिथल्या तिथं थांबवायचं, उलटं फिरवायचं आणि पहिल्यापासून लावायचं. नाही म्हणायची मुभा नसते. नाही म्हणणाऱ्या डीजेला पुन्हा कुणी बोलवत नाही.

"ग्लेन, उलटी फिरवली तर संपेल ती. प्लेटीवर काहीच उरणार नाही."

तो बडवत राहिला. मान हलवून प्लेटीकडे बोट दाखवलं. पलीकडून मिसेस अडेयेमी बुक्क्यांनी उत्तर देत होत्या.

जॅसिंथनं प्लेटीवर हात ठेवला. तिच्या आयुष्यात तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि तरी हातानं जे करायचं ते केलं. प्लेट उलटी फिरली. सुई किंचाळली. तिच्या बोटांना काळं लागलं, सुईपुढे काळा भुगा साठला. तिनं प्लेट सोडली. ढोल आले, फुटके. बास आला. आवाज आला नाही, एक अक्षरसुद्धा नाही. तो जिथं यायला हवा होता तिथं ग्लेनरॉयनं भिंत वाजवली.

शेवटी सुई पत्र्यावर नुसती घसरत राहिली. जॅसिंथनं ती उचलली.

"उद्या दवाखान्यात फोन तू कर," ग्लेनरॉय म्हणाला, मफलर नीट करत. "मी मंगळवारपर्यंत आवाज जपून ठेवतो." दारात थांबून म्हणाला, "आणि ते सूप गरम कर. गार भोपळा तर मेलेला माणूससुद्धा खाणार नाही."

मंगळवारी सकाळी त्याला चाकांच्या पलंगावर घालून व्हरांड्यातून नेलं, तेव्हा जॅसिंथ पलंगाच्या कठड्याला धरून सोबत चालत होती. रविवारपासून तिला झोप नव्हती. भीती कुठंही गेली नव्हती, उलट प्रत्येक दारागणिक वाढत होती. शेवटच्या दारापाशी नर्सनं हात आडवा केला. इथून पुढे नातेवाईक नाहीत.

"तुला काही बोलायचंय का रे?" जॅसिंथनं विचारलं. तिला दुसरं काही सुचेना.

ग्लेनरॉयनं पलंग ढकलणाऱ्या पोरसवदा वॉर्डबॉयकडे मान वळवली. घसा साफ केला, दुखलं म्हणून डोळे मिटले, आणि उरलासुरला सगळा आवाज काढून म्हणाला, "घट्ट धरा!"

पोरगा हसला आणि त्यानं खरंच कठडा घट्ट धरला. पलंग आत गेला. दार मिटलं.

जॅसिंथ मिटलेल्या दाराकडे बघत उभी राहिली. नखांत अजून काळं होतं, कितीही धुतलं तरी गेलं नव्हतं. तिनं हात उचलला आणि व्हरांड्याची भिंत बडवली. एकदा, दोनदा, मग सलग. बाकावरची माणसं बघायला लागली. एक नर्स लगबगीनं तिच्याकडे यायला निघाली.

जॅसिंथ थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. दाराच्या आतून, बराच दूर गेलेला, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तळहात आपटल्याचा आवाज आला.